घरचा सर्व्हर आणि परक्याचे भुयार

१ जून २०२१ पासून गुगलने छायाचित्रांच्या अमर्याद आणि विनामूल्य साठवणुकीची सवलत बंद केली, आणि पंधरा जीबीच्या आत सारा पसारा आटोपता घ्यावा किंवा दरमहा भाडे भरीत राहावे असे दोनच मार्ग ज्यांच्यापुढे उरले, त्यांच्यापैकी काहींनी तिसराच मार्ग धरला. एखादा निवृत्त लॅपटॉप, रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक, किंवा दोन-चार हार्डडिस्क पोटात घेणारी पेटी घरातील कपाटावर मांडावी, तिच्यावर मुक्तस्रोत प्रणाली बसवाव्यात आणि आपले दफ्तर आपल्याच छपराखाली ठेवावे, असा तो मार्ग होय. छायाचित्रांसाठी इमिच, कागदपत्रांसाठी नेक्स्टक्लाउड, चित्रपट-संगीतासाठी जेलीफिन, दिवे-पंखे-पंप यांच्या नियंत्रणासाठी होम असिस्टंट, अशी ही सामग्री कोणासही विनाशुल्क उपलब्ध आहे, आणि घरच्या वाय-फायवर ती इतकी सुरळीत चालते की मनुष्याला आपण एका लहानशा संस्थानाचे अधिपती झाल्याचा भास व्हावा. परंतु तोच अधिपती कचेरीत जाऊन बसला, किंवा त्याची कन्या न्यू जर्सीहून आजीच्या पंच्याहत्तरीची छायाचित्रे पाहू लागली, की हे संस्थान नकाशावर कोठेच नाही असे आढळून येते. घरातला सर्व्हर चालू असतो, इंटरनेट चालू असते, आणि तरीही बाहेरून आत येण्यास वाट नसते.

ही वाट करून देणाऱ्या सेवा आज डझनावारी आहेत आणि त्यांना टनेल-सेवा म्हणतात. त्यांच्यातून निवड कशी करावी याविषयी जी चर्चा ऐकू येते ती बहुधा दरपत्रकापासून सुरू होते आणि तेथेच संपते. माझ्या मते दर ही शेवटची बाब आहे. आधी विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत. मात्र वाट मुळात बंद का झाली हे ठाऊक नसेल तर ते प्रश्नही नीट विचारता येणार नाहीत, म्हणून थोडे मागे जाणे अपरिहार्य आहे.

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास एक अंकी पत्ता लागतो, आणि आजही मोठ्या प्रमाणावर वापरात असलेल्या आयपीव्ही४ या पद्धतीत असे पत्ते सर्व मिळून सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. ही संख्या एके दिवशी अपुरी पडणार हे जाणकारांच्या ध्यानात फार पूर्वीच आले होते. १९९४ च्या मे महिन्यात एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघा अभियंत्यांनी ‘नॅट’ या पद्धतीचा मसुदा प्रसिद्ध केला: घरातील किंवा कचेरीतील सर्व यंत्रांना खासगी पत्ते द्यावेत, बाहेर मात्र त्या सर्वांच्या वतीने एकाच सार्वजनिक पत्त्याने व्यवहार करावा, आणि कोणत्या यंत्राने बाहेर काय मागविले याची नोंद राउटरने ठेवून आलेले उत्तर ज्याचे त्यास पोचवावे. लेखकांनी स्वतःच या उपायास अल्पकालीन म्हटले होते. तीस वर्षे लोटली तरी तो अंमलात आहे. पुढे ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातील पत्त्यांचे शेवटचे पाच गट पाच प्रादेशिक संस्थांना वाटण्यात आले आणि तो साठा रिकामा झाला. आशिया-प्रशांत विभागाच्या वाट्याचे मुक्त वाटप त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आटोपले. भारतात घरोघरी ब्रॉडबँडचा खरा प्रसार त्यानंतरचा असल्यामुळे नव्या कंपन्यांनी प्रत्येक ग्राहकास स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देणे शक्यच नव्हते. त्यांनी शेकडो ग्राहकांना मिळून एक पत्ता देण्याची रीत स्वीकारली, आणि या दुहेरी नॅटसाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतची, सुमारे ४२ लाख पत्त्यांची एक पट्टी २०१२ साली जगभरासाठी राखून ठेवण्यात आली. आपल्या राउटरच्या माहितीपानावर वॅन या सदरात या पट्टीतील किंवा १० ने आरंभ होणारा पत्ता दिसत असेल, तर आपला सार्वजनिक पत्ता कंपनीच्या यंत्रावर आहे, घरच्या राउटरवर नाही, असे निश्चित समजावे.

या व्यवस्थेत आतून बाहेर जाणाऱ्याचा खोळंबा होत नाही, कारण त्याची नोंद झालेली असते. बाहेरून अनाहूत येणाऱ्याची मात्र नोंदच नसल्यामुळे त्यास कोणाकडे पाठवावे हे राउटरला कळत नाही आणि तो त्यास परत लावतो. सार्वजनिक पत्ता घरच्या राउटरवरच असेल तर एखादे पोर्ट ठरावीक यंत्राकडे वळविण्याचा हुकूम राउटरला देता येतो. परंतु जेथे दुसरा नॅट कंपनीच्या ताब्यात आहे तेथे आपला हुकूम आपल्या उंबरठ्यापुरताच चालतो. कंपनीकडे अर्ज करून, जादा आकार भरून स्थिर सार्वजनिक पत्ता घेण्याची सोय काही ठिकाणी असते. आयपीव्ही६ हा याहून मूलगामी उपाय, आणि त्याच्या प्रसारात भारत जगातील अग्रेसर देशांपैकी आहे. पण पाहुण्याच्या बाजूलाही आयपीव्ही६ असावे लागते, आणि कचेऱ्यांची व हॉटेलांची जाळी आजही याबाबतीत बेभरवशाची आहेत. शिवाय पत्ता मिळाला म्हणजे पोर्ट उघडणे शहाणपणाचे ठरते असेही नाही. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने क्यूनॅप या तैवानी कंपनीच्या, इंटरनेटवर थेट उघड्या असलेल्या साठवण-पेट्यांवर जगभर धाड घातली, लोकांच्या फायली कुलूपबंद केल्या आणि प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइनची मागणी केली. त्या वेळी खुद्द उत्पादकानेच ग्राहकांना पोर्ट वळविण्याची सोय बंद करण्यास सांगितले होते.

टनेल या साऱ्याला बगल देते ती अगदी साध्या युक्तीने. घरच्या सर्व्हरवर एक लहान प्रोग्रॅम बसवायचा. त्याने आतून बाहेर जाऊन, म्हणजे ज्या दिशेला मज्जाव नाही त्या दिशेने, सार्वजनिक पत्ता असलेल्या एखाद्या मध्यस्थ यंत्राशी संबंध जोडायचा आणि तो तुटू द्यायचा नाही. पाहुणा मध्यस्थाकडे येतो, मध्यस्थ त्याची मागणी आधीच उघड्या असलेल्या त्या मार्गाने घरी धाडतो आणि उत्तर त्याच मार्गाने परत जाते. राउटरच्या दृष्टीने हा सारा व्यवहार घरातील यंत्रानेच सुरू केलेला असतो, म्हणून त्याची हरकत नसते. कल्पना जुनी आहे. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात तातू इलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच ही प्रणाली रचली, आणि तिच्या एका लहानशा पर्यायाने आजही असे उलटे भुयार एका ओळीत खणता येते. आधुनिक सेवांनी त्यात सुबकपणा, नाव, प्रमाणपत्र आणि तुटलेला संबंध आपोआप जोडण्याची तत्परता यांची भर घातली आहे. मध्यस्थ मात्र मध्यस्थच राहिला, आणि निवडीचा सगळा प्रश्न या मध्यस्थाच्या अधिकारांचा आहे.

तथापि त्याच्याही आधी एक प्रश्न येतो, आणि तो विचारला जात नाही म्हणूनच पुष्कळ अनर्थ ओढवतात: यावयाचे कोणाला आहे? घरातील चार-सहा माणसे, त्यांचे मोबाइल आणि लॅपटॉप, एवढीच जर पाहुण्यांची यादी असेल, तर सर्व्हर जगापुढे मांडण्याचे कारणच नाही. अशा कुटुंबास खासगी जाळे हवे असते. त्याचा पाया म्हणजे वायरगार्ड, जेसन डोनेनफेल्ड यांनी रचलेली आणि २०२० च्या मार्च महिन्यात लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीपासून तिच्या गाभ्यातच समाविष्ट झालेली प्रणाली. ज्याच्याजवळ योग्य किल्ली नाही त्याला ती उत्तरच देत नाही, त्यामुळे चाचपडत फिरणाऱ्या आगंतुकास येथे काही आहे याचा सुगावाही लागत नाही. परंतु किल्ल्यांची देवाणघेवाण हाताने करणे किचकट, आणि दोन्ही बाजूंस नॅट असेल तर केवळ वायरगार्डने काम भागत नाही.

ही उणीव टेलस्केल या सेवेने भरून काढली. २०१९ साली कॅनडातील टोरोंटो येथे स्थापन झालेल्या या कंपनीचा मध्यवर्ती सर्व्हर कोणते यंत्र सध्या कोठे आहे आणि त्याची सार्वजनिक किल्ली कोणती एवढीच नोंदवही सांभाळतो. खासगी किल्ली यंत्राबाहेर पडत नाही, आणि दोन यंत्रे नॅटच्या भिंतीतून एकमेकांचा माग काढून शक्य तेथे थेट बोलतात. ते शक्य झाले नाही तर कंपनीचे रिले-सर्व्हर मदतीस येतात, पण त्यांच्या हाती कूटबद्ध मजकुरापलीकडे काही लागत नाही. गमतीचा भाग असा की, टेलस्केल आपल्या सदस्य-यंत्रांना जे पत्ते देते ते त्याच १००.६४ च्या पट्टीतील असतात, जी पट्टी ब्रॉडबँड कंपन्यांच्या दुहेरी नॅटसाठी राखली गेली होती. घरगुती वापरासाठीची तिची विनामूल्य योजना एका कुटुंबास सामान्यतः पुरते. ज्यांना नोंदवहीसुद्धा परक्याच्या हाती नको, त्यांच्यासाठी हेडस्केल नावाची स्वतः चालवावयाची मुक्तस्रोत नोंदवहीही आहे, परंतु तिचा बंदोबस्त आपल्यालाच ठेवावा लागतो आणि तिला पुन्हा सार्वजनिक पत्ता लागतोच.

माझे मत विचाराल तर घरच्या सर्व्हरांच्या मालकांपैकी बहुसंख्यांची गरज येथेच संपते, आणि त्यांनी याच्या पुढे जाऊ नये. अडचण एकच, पण खरी आहे. प्रत्येक यंत्रावर ॲप बसवावे लागते आणि ते चालू ठेवावे लागते. आजीच्या मोबाइलवर ते एकदा बसवून देता येते. परंतु गावच्या मामांकडील दूरदर्शन संच, कचेरीतील कुलूपबंद संगणक, किंवा लग्नाची छायाचित्रे पाहू इच्छिणारी व्याह्यांची मंडळी, यांना “आधी हे ॲप घ्या, मग खाते उघडा” असे सांगणे व्यवहारात चालत नाही. त्यांच्यासाठी ब्राउझरमध्ये लिहिता येईल असा सरळ पत्ता लागतो, आणि तेथून सार्वजनिक टनेलचा प्रांत सुरू होतो.

या प्रांतात सर्वांत मोठे नाव क्लाउडफ्लेअरचे. आर्गो टनेल या नावाने २०१८ साली सशुल्क निघालेली ही सेवा २०२१ च्या एप्रिलमध्ये क्लाउडफ्लेअर टनेल म्हणून विनामूल्य झाली आणि घरगुती सर्व्हरवाल्यांनी तिच्यावर अक्षरशः उडी घातली. त्यात नवल नाही. ‘क्लाउडफ्लेअर्ड’ हा लहान प्रोग्रॅम घरी बसविला की तो किमान दोन निरनिराळ्या केंद्रांशी मिळून चार संबंध जोडतो, त्यामुळे एखादे केंद्र बंद पडले तरी काम चालू राहते. कंपनीचे केंद्र मुंबईतही असल्यामुळे पुण्या-नाशिकच्या पाहुण्यांना फार लांबचा वळसा सहसा पडत नाही. आणि दारात ‘ॲक्सेस’ नावाचा पहारा बसवून, ठरावीक ईमेल-पत्त्यांनाच एकवेळचा संकेतांक पाठवून आत सोडण्याची सोय पन्नास माणसांपर्यंत फुकट मिळते. ही शेवटची सोय मला तरी टनेलहूनही मोलाची वाटते, कारण पहाऱ्यातून सुटल्याखेरीज कोणाचीही मागणी घरच्या सर्व्हरपर्यंत पोचतच नाही.

मग आक्षेप कशाला? पेशवाईतील जासूद मोहोरबंद खलिता घेऊन निघाला आणि वाटेतल्या ठाण्यावर तो फोडून, वाचून, नव्या मोहोरेने पुन्हा बंद करून पुढे रवाना झाला, तर दोन्ही टोकांना मोहोर शाबूतच दिसते, पण मजकूर तिसऱ्या डोळ्यांखालून गेलेला असतो. क्लाउडफ्लेअरच्या टनेलमध्ये नेमके हेच घडते. पाहुण्याच्या ब्राउझरने केलेले एन्क्रिप्शन कंपनीच्या केंद्रात उलगडते आणि तेथून घरापर्यंत दुसरे एन्क्रिप्शन सुरू होते. यात लबाडी नाही. हे उघडपणे सांगितले जाते, आणि हल्ले ओळखणे, मजकूर साठवून जलद पुरविणे या सेवा त्याशिवाय देताच येत नाहीत. कंपनी आपली छायाचित्रे चाळीत बसली आहे असेही मी सुचवीत नाही. परंतु ज्या गृहस्थाने मोठ्या कंपनीच्या नजरेतून सुटण्यासाठी सर्व्हर घरी आणला, त्याने पासवर्डांचे भांडार किंवा वैद्यकीय कागदपत्रे अशा टनेलमधून नेताना आपण एका कंपनीच्या नजरेतून निघून दुसरीच्या नजरेखाली आलो एवढे तरी समजून-उमजून पत्करावे. ब्लॉग, पाककृतींचा संग्रह, गावच्या ग्रंथालयाची यादी यांच्या बाबतीत हा आक्षेप मुळीच लागू होत नाही, कारण तो मजकूर जगासाठीच असतो.

आणखी दोन अटी व्यवहारात बोचतात. विनामूल्य योजनेत एका मागणीतून १०० एमबीहून मोठी फाइल चढविता येत नाही, आणि मोबाइलवर ४के दर्जात घेतलेले एका मिनिटाचे चित्रण ही मर्यादा सहज ओलांडते. नेक्स्टक्लाउड मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी पाठवीत असल्यामुळे निभावून जाते, पण जे प्रोग्रॅम अख्खी फाइल एकदम पाठवितात त्यांची चित्रणे अर्ध्या वाटेत अडतात आणि मालक आठवडाभर दोष आपल्या राउटरला देत राहतो. दुसरी अट चलच्चित्रांची: कंपनीच्या वितरण-सेवेवरून मोठ्या प्रमाणात चित्रफिती पुरविणाऱ्या साध्या ग्राहकाची सेवा मर्यादित करण्याचा हक्क तिने करारात राखून ठेवला आहे. जेलीफिनवरचे चित्रपट या मार्गाने पाहणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतील बहुतेकांना कोणी हटकलेले नाही, हे खरे. तरी करारात लिहिलेल्या हक्काची अंमलबजावणी आज होत नाही एवढ्यावरून उद्याची हमी धरणे धाडसाचे आहे.

खलिता न फोडणारे मध्यस्थ कमी आहेत, पण आहेत. टेलस्केलचीच ‘फनेल’ नावाची सोय पाहुण्याची मागणी जशीच्या तशी, कूटबद्ध अवस्थेत घरापर्यंत पोचविते आणि प्रमाणपत्राची किल्ली घरच्या यंत्रावरच राहते. मात्र पत्ता कंपनीच्या डोमेनखालीच घ्यावा लागतो, तीनच पोर्टे चालतात, आणि वाहतुकीवर कंपनीचा लगाम असतो, म्हणून चित्रपटांना ती योग्य नाही. होम असिस्टंट वापरणाऱ्यांसाठी नाबू कासा या कंपनीची वर्गणीची सेवा आहे. तिच्यातही एन्क्रिप्शन घरी पोचल्यावरच उलगडते. त्या वर्गणीतून होम असिस्टंटच्या विकासाचा खर्च निघत असल्याने ज्याला दिवे-पंखेच बाहेरून हाताळायचे आहेत त्याने दुसरीकडे शोध घेण्याचे कारण मला दिसत नाही.

ज्याला कोणाचीही ताबेदारी नको त्याच्यासाठी व्हीपीएस, म्हणजे दरमहा काही शे रुपये भाड्याने घेतलेला, सार्वजनिक पत्ता असलेला लहानसा आभासी संगणक. घरापासून त्याच्यापर्यंत वायरगार्डचे भुयार खणावे, किंवा एफआरपीसारखी तयार प्रणाली दोन्ही टोकांना बसवावी, किंवा लॉगिनच्या पहाऱ्यासह सारे एकत्र हवे असल्यास पँगोलिन ही नवी मुक्तस्रोत प्रणाली पाहावी. फाइलच्या आकाराची मर्यादा नाही, चित्रपटांना अटकाव नाही, फक्त भाड्यात मिळणाऱ्या वाहतुकीचा हिशेब राखावा लागतो. पण येथेही प्रमाणपत्र व्हीपीएसवर ठेवले तर किल्ली परक्याच्या डिस्कवर राहते, आणि पँगोलिनची नेहमीची मांडणी तशीच आहे. व्हीपीएसने मागणी न उलगडता नुसती पुढे ढकलावी आणि प्रमाणपत्र घरच्या सर्व्हरवर ठेवावे, ही मांडणी थोडी अधिक खटपटीची, पण या मार्गाचा खरा लाभ तिच्यातच आहे. भारतातील व्हीपीएस घेणाऱ्याने हेही जाणून असावे की, सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार अशा सेवा देणाऱ्यांना ग्राहकाचे नाव, पत्ता, दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचे प्रयोजन ही माहिती, ग्राहकाने सेवा सोडल्यानंतरही, पाच वर्षे जतन करावी लागते. घरची छायाचित्रे पाहणाऱ्या सद्गृहस्थाला यात भिण्यासारखे काही नाही, तरी व्हीपीएस म्हणजे अनामिकता अशी समजूत कोणी बाळगून असेल तर ती सोडावी. शिवाय हा दुसरा संगणक झाला. त्याचे अपडेट, त्याची तटबंदी, त्याच्या नोंदी या साऱ्यांचा भार आता आपल्याच शिरावर आहे, आणि ज्याला घरचाच सर्व्हर महिनोन्‌महिने अपडेट करणे होत नाही त्याने दुसऱ्याची जोखीम घेऊ नये.

एन्ग्रोक आणि तत्सम सेवांविषयी थोडक्यात सांगून पुढे जातो. प्रोग्रॅमर मंडळींनी आपल्या संगणकावरचे अर्धवट काम तासाभरासाठी दुसऱ्यास दाखवावे, यासाठी त्या उत्तम आहेत. विनामूल्य योजनेत पाहुण्यापुढे आधी सूचनेचे पान येते आणि वाहतुकीची मर्यादा तोकडी असते, म्हणून घरच्या कायमच्या सर्व्हरसाठी त्या नव्हेत.

सेवा कोणतीही घ्या, नाव आपले असू द्या. टनेल-कंपनीने दिलेले उपनाम फुकट असते, परंतु ते तिच्या मर्जीवर असते. सेवा बदलली की नातलगांच्या मोबाइलमध्ये साठवलेले सारे दुवे निकामी होतात. स्वतःच्या नावे नोंदविलेले डोमेन वर्षाकाठी काही शे ते हजाराच्या घरात मिळते, आणि मग क्लाउडफ्लेअरवरून व्हीपीएसवर जाणे म्हणजे डीएनएसमधील एखाद-दुसरी नोंद बदलणे एवढेच उरते. फुकटच्या डोमेनचा मोह किती महाग पडतो हे फ्रीनॉमच्या उदाहरणाने दाखविले आहे. टोकेलाऊ, माली, गॅबन अशा देश-प्रदेशांची अक्षरे लावलेली डोमेने विनामूल्य वाटणाऱ्या या कंपनीने २०२३ मध्ये नवी नोंदणी थांबविली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत हा व्यवसायच सोडत असल्याचे जाहीर केले. तिच्या भरवशावर वर्षानुवर्षे चालवलेल्या घरगुती सर्व्हरांचे पत्ते त्यांच्या मालकांच्या हातून गेले ते गेलेच.

मोठ्या मध्यस्थावर किती विसंबावे याचा धडा अलीकडचा आहे. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी पाचच्या सुमारास क्लाउडफ्लेअरचे जाळे जगभर कोलमडले. कारण पाहू जाता अगदी किरकोळ: एका डेटाबेसच्या परवानग्यांत केलेल्या बदलामुळे, यांत्रिक पाहुणे ओळखण्यासाठी वापरली जाणारी एक फाइल दुप्पट मोठी झाली आणि ती वाचणारा प्रोग्रॅम तिचा आकार सोसू शकला नाही. मुख्य वाहतूक रुळावर येण्यास रात्रीचे आठ वाजले. यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की मोठ्या कंपन्यांपेक्षा आपला व्हीपीएस बरा, तर तो घाईचा आहे. एकट्या व्हीपीएसचे बंद पडणे वर्तमानपत्रात छापून येत नाही एवढाच फरक. पण घराचे कुलूप, पाण्याचा पंप किंवा वृद्ध आईच्या खोलीतील कॅमेरा ज्यावर चालतो त्याला सार्वजनिक टनेल हा एकमेव मार्ग असता कामा नये. टेलस्केलसारखे खासगी जाळे जोडीला ठेवल्यास दोन्ही एकदम बंद पडण्याचा संभव थोडा.

आता सर्वांत गैरसमजाची बाब. टनेलमुळे आपण सुरक्षित झालो असे मानले जाते, आणि घरचा पत्ता लपतो, पोर्ट उघडावे लागत नाही, एवढ्या अर्थाने ते खरेही आहे. परंतु टनेलच्या आतल्या टोकाला जो प्रोग्रॅम बसला आहे त्यातील छिद्रे टनेल बुजवीत नाही. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीची जी चोरी झाली तिचा एक दुवा एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकापर्यंत पोचला. तेथे चित्रपटांसाठी बसविलेल्या प्लेक्स या प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती होती, तिच्यातील दोष २०२० च्या मे महिन्यातच दुरुस्त झालेला होता, आणि ती दुरुस्ती त्या संगणकावर कधी पोचलीच नव्हती. त्या वाटेने आत शिरून चोरांनी कळफलकावरील अक्षरे टिपली आणि कंपनीच्या तिजोरीच्या किल्ल्या मिळविल्या. घरगुती करमणुकीचा एक प्रोग्रॅम आणि लक्षावधी लोकांचे पासवर्ड यांत एवढेच अंतर होते.

आपला सर्व्हर कोणाला सापडणारच नाही अशा समजुतीवर विसंबण्यातही अर्थ नाही. ब्राउझर ज्या प्रमाणपत्रांवर विश्वास ठेवतात त्यांची नोंद जाहीर वह्यांत करण्याची पद्धत २०१३ पासून आकारास आली, आणि २०१८ पासून क्रोमने नव्या प्रमाणपत्रांसाठी ती अनिवार्य केली. ‘फोटो’ किंवा ‘पासवर्ड’ असे उपनाम घेऊन त्याचे प्रमाणपत्र काढले की ते नाव त्या वहीत चढते, आणि वही सतत वाचीत बसलेले यांत्रिक पाहुणे थोड्याच वेळात दारात येऊन सर्वपरिचित पासवर्ड आजमावू लागतात. संपूर्ण डोमेनसाठी एकच सरसकट प्रमाणपत्र काढल्यास उपनावे वहीत येत नाहीत. पण खरा बंदोबस्त म्हणजे सर्व्हरपुढे पहारा, प्रत्येक खात्याला दुहेरी ओळख, आणि ज्या सेवेची जगाला गरज नाही ती टनेलवर न चढविणे. राउटरचे व्यवस्थापन-पान, हार्डडिस्क-पेटीचे प्रशासकीय पान आणि पासवर्डांचे भांडार ही तीन मी कोणत्याही सार्वजनिक टनेलवर ठेवणार नाही, मग पहारा कितीही कडक असो.

निवड झाल्यावर पारख करावयाची ती घरात बसून करू नये, कारण घरच्या वाय-फायवरून जाणारी मागणी कधी कधी टनेलला वळसा घालून थेट सर्व्हरला भेटते आणि सारे आलबेल असल्याचा भ्रम देते. मोबाइलचे वाय-फाय बंद करून कंपनीच्या डेटावरून पत्ता उघडून पाहावा. मग राउटरची वीज काढून पुन्हा लावावी आणि कोणाचा हात न लागता टनेल परत जोडले जाते की नाही ते पाहावे, कारण आपल्याकडे वीज जाते ती बहुधा आपण परगावी असतानाच. ही पारख उतरली की डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख, टनेल-सेवेच्या खात्याचे नाव आणि सर्व्हर बंद-चालू करण्याची रीत एका कागदावर लिहून घरातील दुसऱ्या जाणत्या व्यक्तीच्या स्वाधीन करावी.